पाण्याचं वजन

ढोकीच्या बाजारतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर रणधीर उघडाबंब उभा होता आणि त्याच्या पोटावर सिक्स पॅकच्या सहा घड्या लख्ख दिसत होत्या. आठ दिवसांपूर्वी तिथं एकही नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बायकांनी हात जोडले, पोरांनी मोबाइल उंचावले.

"चरबी म्हणजे मागल्या जन्माचं पाप!" वज्रोदर महाराज माइकवर गरजले. "पुडी घ्या, पाप लघवीवाटे वाहून जाईल! दोन दिवसांत काट्यावर चार किलो कमी!"

खुद्द महाराजांचं पाप मात्र कफनीत मावत नव्हतं.

रणधीरच्या पोटऱ्यांत गोळे येत होते, जीभ टाळूला चिकटली होती. महाराजांनी पुडी चारून दोन दिवस त्याला पाण्याचा थेंब घेऊ दिला नव्हता. पण उद्या धाराशिवच्या जिममध्ये ट्रेनरच्या जागेसाठी मुलाखत होती. मागच्या खेपेला मालकानं शर्ट वर करायला लावला आणि पोट बघून परत पाठवलं. दोन वर्षं रोज पोटाचे पाचशे क्रंचेस मारून जे दिसलं नाही, ते आज दिसत होतं. उद्या सकाळपर्यंत कसंही करून तग धरायचा, एवढंच तो स्वतःला बजावत होता.

तेवढ्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर शिवरंजनी पाण्याचा तांब्या घेऊन मंचावर चढल्या. "रणधीर, काट्यावर उभा राहा." महाराजांच्याच काट्यानं एकसष्ट किलो दाखवलं. "आता हे पी."

"पिऊ नको! सिद्धी जाईल!" महाराज किंचाळले.

प्यालो तर उद्याची नोकरी गेली, हे रणधीरला कळत होतं. पण डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्यानं तांब्या हिसकावून घटाघटा रिकामा केला. काटा बासष्टवर गेला.

"एका तांब्यात किलोभर पाप परत आलं व्हय?" पुढं बसलेले बब्रुवान तात्या खेकसले.

"तात्या, तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडला, तर वजन का घटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणी वाळतंय म्हणून. लेकरालाबी ठावं हाय." बोलता बोलता तात्या थबकले. "आन् आमी ह्येला चरबी समजलो!"

डॉक्टरांनी प्रयोगशाळेतून आलेला पुडीच्या तपासणीचा कागद वाचून दाखवला. पुडीत राखेबरोबर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या कुटून घातल्या होत्या. कातडीखालचं पाणी गेलं, की स्नायू उठून दिसतात. चरबी जागच्या जागीच राहते. "अजून एक दिवस असाच गेला असता, तर ह्याचं हृदय बंद पडू शकलं असतं."

"पण मॅडम, उद्या काय दाखवू म्या?" रणधीरला रडू फुटलं. "वय चाललंय माझं."

"स्नायू तू मेहनतीनं कमावलेत, ते खरे आहेत. वरची चरबी खाणं बेतात ठेवून हळूहळू जाईल. त्याला महिने लागतात. उद्यापर्यंत नाही होणार."

महाराज जीपकडं सटकले, तर लोकांनी वाट अडवली. तरीही दोघं-तिघं गुपचूप पुड्या खिशात कोंबत होते. ते पाहून रणधीरचं डोकं फिरलं. त्यानं माइक ओढला.

"उद्याची नोकरी हातची जाणार, ठावं हाय मला! पर पाणी प्यालो म्हणून जिता हाय. टाका त्या पुड्या हितं! दोन दिवसांत अंग बदलून देतो म्हणणारा पुन्यांदा आला, तर पाया पडायच्या आधी त्याला इचारा, कसं करतोस म्हणून!"

बब्रुवान तात्यांनी नातवासाठी घेतलेली पुडी कनवटीतून काढली आणि रणधीरच्या पायाशी टाकली.