उलट्या रेघा

राक्षसाच्या पाठीवरची लव उलटी होती.

लव सुंदर होती, त्याबद्दल वाद नाही. एकेक केस सुईच्या टोकाने ओढलेला. राक्षस माझ्या पंजाएवढा, खांद्यावर आख्खी होडी घेऊन निघालेला, आणि होडीचं शीड म्हणजे एका ड्रॅगनचा कापून, गरम पाण्यात वाकवून बसवलेला पंख. दुकानात मिळणाऱ्या मूळ डब्यात या राक्षसाच्या हातात नुसता सोटा येतो. सोटा काढून होडी दिलेली, डोकं दुसऱ्याच पुतळ्याचं, पाठ पुटीने, म्हणजे मळून लावायच्या लगद्याने, नव्याने घडवलेली. आमच्या मंडळात याला कलम करणं म्हणतात. डब्यातले तुकडे चिकटवून प्लास्टिकची फौज कुणीही उभी करतो. कलमाला हात लागतो.

आणि हा हात नाकतोड्याचा नव्हता.

नाकतोडा म्हणजे माझा मित्र. लांबच लांब टांगा, खुर्चीत बसला की गुडघे छातीशी, म्हणून ते नाव. बावीस वर्षं आम्ही एकाच लॅबमध्ये शेजारी बसून दात घडवतो. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही कवळ्या आणि कॅप करून देतो. मी तिथे हेड. बाहेर जाणारी प्रत्येक कॅप आधी माझ्या भिंगाखालून जाते. या खेळाचा नादही आम्हाला एकदमच लागला. दर शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये मंडळ जमतं, टेबलावर डोंगर-दऱ्या मांडतं, फासे टाकतं आणि पन्नाशीची माणसं बुटक्यांच्या आणि प्रेतांच्या फौजा घेऊन एकमेकांवर तुटून पडतात. घरचे हसतात. हसू देत.

तर लव. उजव्या हाताचा माणूस भराभर रेघा मारतो तेव्हा त्या खाली डावीकडून वर उजवीकडे झुकतात. मनगटाची ठेवणच तशी. डावखुऱ्याच्या बरोबर उलट. मेण कोरणाऱ्या शिकाऊ लोकांना मी पहिल्या आठवड्यात हे दाखवतो. नाकतोडा उजवा. बावीस वर्षं बघतोय मी त्याला. आणि राक्षसाच्या पाठीवरची एकूण एक रेघ डाव्या हाताची होती.

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाचा नियम एकच आहे: काम स्वतःच्या हाताचं हवं. रंगसुद्धा दुसऱ्याने लावलेला चालत नाही.

"कसा झालाय?" नाकतोड्याने विचारलं. तो जरा लांबच उभा होता, उजवा हात पँटच्या खिशात.

"अप्रतिम," मी म्हणालो. "हे म्हणजे तुझ्या डाव्या हाताचा मळ!"

शपथेवर सांगतो, मी ते मुद्दाम म्हटलं नव्हतं, बोलण्याच्या ओघात आलं. पण त्याचा चेहरा असा उतरला, की माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच ठाण मांडून बसली.

एकदा संशय शिरला की माणूस मागचं सगळं उकरतो. रविवारी आम्ही माझ्या घरी एकत्र बसून पुतळे जोडायचो. ते सहा-आठ महिन्यांपूर्वी बंद झालं. कधी पाहुणे, कधी पाठ धरलेली, कधी नुसतंच "बघू". लॅबमध्ये त्याने आपलं टेबल फिरवून खिडकीकडे तोंड केलं. उजेड बरा मिळतो म्हणे. त्यामुळे दिवसभर मला त्याची पाठच दिसायची. पूर्वी साडेनऊला धावत येणारा हा माणूस आता सातला येऊन मी पोचेपर्यंत अर्धं काम उरकून बसायचा. आणि मंडळात तो पूर्ण झालेले पुतळेच आणायचा, तेही डब्यात कापूस घालून. आमच्यासमोर त्याने प्लास्टिकवर उरलेली साधी साच्याची रेघसुद्धा खरवडलेली मला आठवेना.

इथे एक कबूल करायला हवं. तीन वर्षं पहिला नंबर माझा होता. नाकतोडा चांगला कारागीर, पण कलमात माझ्यापेक्षा एक पायरी खाली. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मला तर फारच ठाऊक होतं. यंदाचा राक्षस माझ्या कामापेक्षा सरस होता. संशयाला खतपाणी कुठून मिळत होतं, ते मी आज सांगू शकतो. तेव्हा मी त्याला न्यायबुद्धी म्हणत होतो.

त्याचं एक हातड्रिल वर्षभर माझ्याकडे पडून होतं. ते परत करायचं निमित्त काढून मी न कळवता त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या सुनेने उघडलं. मुलाचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी शांत, शाळेत चित्रकला शिकवणारी.

"बाबा झोपलेत, काका," ती म्हणाली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज स्पष्ट आला.

"झोपू दे. पाणी मिळेल का?"

ती पाणी आणायला वळली आणि मी बैठकीतून आतल्या खोलीत डोकावलो. खुर्ची रिकामी, पलीकडचं दार नुसतंच लोटलेलं. टेबलावर कापायची चटई, सुऱ्या, तारेचे तुकडे, अर्धवट जोडलेला घोडा. दिवा टेबलाच्या उजव्या बाजूला होता. उजव्या हाताने काम करणारा दिवा डावीकडे ठेवतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते.

सून पाणी घेऊन आली. तिच्या नखांत हिरवी पुटी होती. माझी नजर तिथे गेल्याचं तिला कळलं आणि तिने मूठ मिटली.

"काही निरोप?"

"ड्रिल आणलंय म्हणून सांग. आणि शनिवारी लवकर ये म्हणावं."

निरोप विसरू नये म्हणून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो लिहून ठेवला. डाव्या हाताने.

जिना उतरताना मला चोर सापडल्याचा आनंद झाला. हेही कबूल करतो.

बायकोला सांगितलं. ती कपडे घड्या करत होती. "अहो, मग त्यालाच विचारा ना. बावीस वर्षांची ओळख आहे, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

"विचारलं तर नाही म्हणेल."

"म्हणजे तुम्हाला उत्तर नकोच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला तो पकडला जायला हवाय."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मंडळ चालवणाऱ्या ग्रंथपाल बाईंकडे गेलो. बाई काटेकोर. एक पुस्तक चार दिवस उशिरा आलं तरी भुवई वर जाते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, प्रदर्शनासाठी त्यांच्याकडे जमा झालेला राक्षस भिंगातून पाहिला, रेघा पाहिल्या.

"तुमचं नाव येणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि त्याचंही नाही. भाग घेणाऱ्या प्रत्येकाने प्रदर्शनाआधी मंडळासमोर तासभर बसून एक कलम करायचं. तुम्हीसुद्धा."

शनिवारी आम्ही सहा जण एका लांब टेबलाशी बसलो, बाकीचे भोवती उभे. नाकतोडा माझ्या समोरच होता. त्याची सून भिंतीशी, पर्स छातीशी धरून. बाईंनी प्रत्येकापुढे सारखाच पुतळा ठेवला, एक भालाईत, आणि सुट्या तुकड्यांची एक पेटी मध्ये.

"करा सुरू."

नाकतोड्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ओळखीच्या माणसाला गर्दीत आपण पाहावं, तसं. मग त्याने खिशातून उजवा हात काढला आणि पुतळ्यावर ठेवला, कागदावर वजन ठेवतात तसा. तो हात थरथरत होता. बोटं आपापली, एकमेकांशी संबंध नसल्यासारखी. तळव्याखाली पुतळा घट्ट दाबला तेव्हा ती जराशी शांत झाली.

सुरी त्याने डाव्या हातात घेतली.

मान एका दमात कापली. पेटीतून घुबडाचं डोकं निवडलं. ड्रिल डाव्या हाताच्या चिमटीत फिरवत मानेत भोक पाडलं, डोक्यात भोक पाडलं, तारेचा तुकडा घातला, गोंदाचा ठिपका, डोकं बसवून जरासं खाली झुकवलं. मग पुटीचा गोळा मळून मानेचा सांधा पिसांनी झाकायला घेतला. सुईचं टोक भराभर चालत होतं, आणि पिसं सगळी त्या उलट्या बाजूला झुकत होती. भोवती उभे असलेले टेबलावर वाकले होते. सैनिक भाला टेकून ऐकत असल्यासारखा दिसायला लागला, एका घुबडाच्या डोक्यामुळे. असं कलम माझ्याकडून तीन वर्षांत झालेलं नाही.

तास संपल्यावर बाईंनी माझा पुतळा उचलला. नाकतोड्याकडे बघण्याच्या नादात मी डोकं पाठीकडे तोंड करून चिकटवलं होतं.

कुणीतरी हसलं. मला बरं वाटलं, कारण निदान कुणीतरी काहीतरी केलं.

जिन्यात मी त्याला गाठलं. सून पुढे आली. "काका, मी त्यांना सुरी धरायला शिकवलं. एवढंच. पाच महिने रोज संध्याकाळी पुटीच्या गोळ्यावर रेघा मारल्या आम्ही दोघांनी. तुम्ही आलात त्या दिवशीसुद्धा तेच चाललं होतं. राक्षसाला माझं बोटही लागलेलं नाही."

"तू खाली थांब गं," नाकतोडा म्हणाला. ती गेली, पण जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बाजूला झालो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या हिवाळ्यापासून. डॉक्टर म्हणतात, हळूहळू वाढेल. गोळ्या चालू आहेत."

"आणि मला सांगितलं नाहीस? मला?"

"तुला कसं सांगणार?" तो जिन्यातच बसला, गुडघे छातीशी. "मित्राला सांगायला गेलो असतो आणि ऐकलं असतं हेडने. माझ्या प्रत्येक कॅपवर तुझी सही असते. दुसऱ्या दिवशी तू मला कामावर बसू दिलं असतंस?"

नसतं दिलं.

"लॅबमधलं कामही डाव्या हाताने?"

"तीन महिने झाले. त्याआधी सातला येऊन उजव्याने करायचो. सकाळी तो कमी हलतो. तू काही परत पाठवलंस का?"

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मी अजूनही चौकशीच करत होतो. त्याच्या हाताचं कसं आहे, हे मी विचारलंच नव्हतं. आणि विचारायची वेळही आता गेली होती.

"बाईंना तू सांगितलंस ना?" तो म्हणाला. "भिंग लावून लव बघणारा मंडळात दुसरा कोण आहे?"

"हो."

"विचारायचंस रे मला." आवाज चढला नाही. "मी खोटं बोललो असतो कदाचित. पण तू विचारायचंस."

सोमवारी मी लॅबची जुनी नोंदवही काढली. डॉक्टरांकडून न बसल्यामुळे परत आलेल्या कॅपांची नोंद असते तीत. आठ महिन्यांत नाकतोड्याच्या तीन, माझ्या पाच. कॅप घासून गुळगुळीत होते, हाताची खूण तिच्यावर राहत नाही. म्हणून मला कधी कळलं नव्हतं. तरी हेड म्हणून माहीत झालेली गोष्ट मला पोटात ठेवता येईना. मी त्याला म्हटलं, "मालकांना सांगायला हवं. तू सांगतोस की मी?"

"आपण दोघं जाऊ," तो म्हणाला. "तू एकटा गेलास तर मला झोप लागणार नाही."

वही मी बरोबर नेली. मालकांनी ती दोनदा वाचली, नाकतोड्याला त्यांच्यासमोर मेणाचा एक दात कोरायला लावला, आणि बराच वेळ दाताकडे पाहत राहिले. शेवटी ठरलं की पोर्सेलीनचे थर चढवायचं नाजूक काम त्याच्याकडून काढायचं, मेणकाम आणि नव्या शिकाऊ पोरींना शिकवणं त्याच्याकडे द्यायचं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. त्याला वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं असावं. त्या दिवशी दुपारी तो टेबलावर डोकं ठेवून दहा मिनिटं सगळ्यांसमोर खुशाल झोपला.

प्रदर्शनात राक्षसाला पहिला नंबर मिळाला. मी माझं नाव आधीच मागे घेतलं होतं. सून बक्षिसाच्या वेळी टाळ्या वाजवत होती. माझ्यासमोरून गेली तेव्हा "काका" म्हणाली नाही, नुसती मान हलवली.

आता आमचं बोलणं आहे. कामाचं, खेळाचं, गोळ्यांचंही. पण परवा त्याने कोरलेली एक दाढ माझ्या भिंगाखाली आली. खरोखर निर्दोष काम. मी ती त्याच्याकडे नेऊन म्हणालो, "छान झालीय."

त्याने दाढ माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरून सगळ्या बाजूंनी फिरवली. मग माझ्याकडे बघितलं.

"खरंच छान झालीय?" त्याने विचारलं. "की काही शोधतोयस?"

"खरंच," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि मी माझ्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.