नाव घेतल्याशिवाय

आबांचा आवाज आमच्या घरात कुठेच नव्हता. फोटो ढीगभर, पण आवाज नाही. मोबाईल समोर धरला की माझे सासरे "ठेव त्ये खेळणं" म्हणायचे आणि उठून गोठ्यात जायचे. गेल्या पौषात ते गेले, तेव्हा हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. लक्षात आलं ते आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अनिता, यांचं बोलणं इसरत चाललंय गं मला."

आत्या रडणाऱ्यातल्या नाहीत. तेव्हाही रडल्या नाहीत, भाकरी उलटली नि पुढची थापायला घेतली.

मग पवनानगरच्या पुतळ्यांचं कळलं. धरणाच्या काठावर शहरातल्या कलाकारांनी लोखंडी पत्र्याची माणसं उभी केली होती, प्रत्येकाच्या छातीत जाळी आणि जाळीमागे स्पीकर. धरणात ज्यांची गावं गेली त्या म्हाताऱ्यांना गाठून त्यांनी आधीच सगळ्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. आबांचंही! आणि आमच्या आबांनी घरी काय सांगितलं असेल? "पोरं आलती, जुनं काय काय इचारत हुती." बास. एवढ्यावर विषय मिटवला होता.

आमचे हे, कैलास, आंबीला कंपनीत पाळीवर. सुट्टी मिळायची वाट बघितली असती तर प्रदर्शन उठून गेलं असतं. मीच आत्यांना घेऊन निघाले. कामशेतहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून पवनानगर गाठलं. आत्यांनी लग्नकार्याला नेसायचं लुगडं नेसलं होतं.

तिथे अश्लेषा नावाची तळेगावची मुलगी टॅब घेऊन उभी होती. तिनं नीट समजावलं. "आजी, मधल्या माईकसमोर उभं राहायचं आणि ज्यांना ऐकायचं त्यांचं नाव घ्यायचं. नाव ऐकलं की त्यांच्या पुतळ्यात दिवा लागतो आणि ते बोलायला लागतात."

मी मोबाईल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. आत्या माईकसमोर गेल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "अवो."

काही नाही.

"अवो, ऐकलं का?"

पुतळे ढिम्म. अश्लेषा हळूच म्हणाली, "आजी, नाव."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी कैलासला पुढं करायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या आईनं तिला सांगितलेलं.

त्यांनी आपल्या परीनं तोड काढली. माईकमध्ये म्हणाल्या, "कैलासचं वडील."

लगेच टोकाच्या पुतळ्यात दिवा लागला आणि एक अनोळखी माणूस पवनेच्या माशांबद्दल बोलू लागला. माईकनं नुसतं 'कैलास' तेवढं उचललं होतं, आणि त्या माणसाचं नावही कैलासच होतं! आत्यांनी डोईवरचा पदर पुढं ओढला नि पाठ फिरवली. "ह्यो कोन मेला?" आजूबाजूची चार माणसं हसली. मलाही हसू आलं, पण आत्यांचा चेहरा बघून ते विरलं.

"आजी, मी इथून टॅबवरनंच सुरू करते ना," अश्लेषा म्हणाली.

"न्हाई."

"मग मी घेते नाव," मी म्हणाले.

त्यांनी माझं मनगट धरलं. "सासऱ्याचं नाव घिती? आन् तू हाक मारल्यावर त्ये तुज्याशी बोलत्याल. मला बोलायचंय त्यांच्याशी."

"मग घ्या ना तुम्ही!"

"कसं घिऊ? त्यांचं आयुष्य—"

"कुठलं आयुष्य कमी व्हायचंय आता, आत्या?"

तोंडातून गेलं आणि मला माझीच लाज वाटली. मी फटकळ आहे, सगळं गाव जाणतं, पण हे बोलायला नको होतं. आत्यांनी माझं मनगट सोडलं. बाजूच्या दगडावर जाऊन बसल्या आणि पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांचं सासर त्याच पाण्याखाली होतं. मी जवळ जाऊन उकिडवी बसले. "चुकलं माझं," म्हणाले.

त्या पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "व्हय. ऱ्हायलंय काय आता कमी व्हायला."

उठल्या. माईकपाशी गेल्या. ओठ हलले, आवाज फुटला नाही. पुन्हा हलले. मग लांबच्या बांधावरल्या माणसाला हाक घालावी तसं त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "सोपान!"

आमच्या अगदी शेजारच्या पुतळ्यात दिवा लागला. आधी आबांचा खोकला आला. तो खोकला ऐकूनच मला हुंदका आवरेना. मग आबा बोलू लागले.

"पानी येनार म्हनल्यावर समद्यांनी भांडीकुंडी हलिवली. दारं काढली, वासं काढलं. मी म्हनलं, चला आता. तर सरू मातर चुलीपाशी. शेन-माती कालवून चूल सारवीत बसलेली. मी वराडलो, आगं, उद्या हितं पानी! तर म्हनती कशी, पान्याखाली जायाची, तर नीटनेटकी जाऊ दे. आसली आमची सरू. तितं मला पयल्यांदा रडू आलं बगा. पर तिला दिसू दिलं न्हाई."

दिवा विझला.

आत्या पुतळ्यापुढे तशाच उभ्या होत्या. हात छातीवर. मी त्यांना धरलं. मला वाटलं, चुलीची आठवण आली असेल, घराची आली असेल.

"सरू म्हनलं त्ये," त्या म्हणाल्या. "ऐकलंस? दोन येळा म्हनलं."

"ऐकलं, आत्या."

"जलमभर आगं म्हनलं, न्हाईतर कैलासची आय." आता त्या उघड्यावर, चार माणसांदेखत रडत होत्या. "मला वाटायचं, यांना माजं नाव ठावंच न्हाई."