क्षेत्रफळ वाटेवर

चौथीचं गणिताचं पुस्तक मी उलटंपालटं शिकवते, ही बातमी राजूरच्या चहाच्या हॉटेलांपर्यंत पोचली होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं. केंद्रप्रमुख कल्याण सरांना मात्र वाटलं, म्हणून दिवाळीच्या तोंडावर ते आमच्या शाळेत येऊन बसले.

"वंदना मॅडम, क्षेत्रफळ पहिल्या सत्रात आहे. तुम्ही तर हातच लावलेला नाही."

"ते वाटेवर होईल सर."

"कुठल्या वाटेवर?"

मी खिडकीतून पलीकडची धनगरवस्ती दाखवली. वर्गातली निम्मी मुलं तिथली. दिवाळी झाली की घरांना कुलपं लागतात आणि सगळे मेंढ्या घेऊन परतूरकडं, गोदाकाठाला उतरतात. परततात ते मृगाच्या सुमाराला. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं जून ते एप्रिल एकाच जागी बसलेलं मूल असतं. तसली मुलं माझ्याकडं अर्धीच आहेत. म्हणून मी धड्यांचा क्रम बदलला. ज्याला फळा आणि सोबती लागतात ते दिवाळीच्या आत, जे मेंढरांमागं फिरताना जमतं ते नंतर. अपूर्णांक पुस्तकात शेवटाकडं होते, ते मी पुढं ओढले. जी पोरं रोज संध्याकाळी मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावतात, त्यांना जागा मोजायला मी फळ्यावर शिकवायचं हा मला निव्वळ खुळेपणा वाटत होता. जाताना चौकटी आखून मोजायची रीत तेवढी हातात द्यायची.

हे सगळं मी सरांना जरा चढ्या आवाजात सांगितलं. माझा स्वभावच तसा आहे.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. "अभ्यासक्रम एकट्यादुकट्यानं ठरवायची गोष्ट नसते मॅडम. उद्या प्रत्येक शाळा आपापला क्रम लावील. मी जूनमध्ये येतो. वस्तीवरचं एक मूल मी निवडणार, क्षेत्रफळाचा एक प्रश्न विचारणार. नाही आलं तर पुस्तकाच्या क्रमानं शिकवायचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मी हो म्हणून बसले. पुस्तकाचा क्रम म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. वस्तीवरची मुलं अपूर्णांकांच्या अलीकडूनच निघून जायची आणि पाचवीत ढ ठरायची. गणितात ढ ठरलेलं पोर हळूहळू शाळेलाच यायचं बंद होतं. तसली पोरं मी पाहिली होती, आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती.

त्या वर्षी हिवाळा-उन्हाळा जिवाला घोर होता. माझ्या वर्गातल्या, वस्तीवरच्या शालूची आई जयवंताबाई, तिला मी अधूनमधून फोन करायची. ती म्हणायची, "पोरगी दोरी घिऊन काय काय मोजून राह्यली बाई. म्या म्हनलं, मोज, पर कोकरं बांध अन् मंग मोज." तेवढ्यावर मी समाधान मानायची.

जूनमध्ये सर शब्दाला जागले. आता पाचवीत गेलेल्या त्याच पोरांवरून नजर फिरवली आणि नेमकी शालू उठवली. तिला सोडायला आलेली जयवंताबाई दारातच थबकली.

"तुमच्या मेंढ्या किती गं?" सरांनी तिला धीर यावा म्हणून विचारलं.

शालू गप्प. कळपाचा आकडा परक्याला सांगायचा नाही, नजर लागते, हे वस्तीवरचं शेंबडं पोरही जाणतं. सरांना ते माहीत नव्हतं. पोरीला मोजताच येत नाही असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंही.

"दुसऱ्याच्या मेंढ्या विचारा सर," मी म्हणाले.

"बरं. समज, दोन्ही वेळा जाळी तेवढीच आहे. लांबट लावलीस तर आत जास्त जागा मिळेल, का चौरस लावलीस तर?"

उत्तर चौरस. मलाही तेच ठाऊक होतं.

"गोल," शालू म्हणाली.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत कीव होती, ती मला फार झोंबली.

"गोल मी विचारलं नाही बाळ."

"त्या दोन्हींत चौरस. पर गोल त्याच्याहून जास्ती."

"कोणी सांगितलं?"

"आई गोलच लावती. कोपऱ्यात कोकरं चेंगरत्यात म्हून. मला वाटलं, जागा कमी बसत आसंल. मंग मोजलं. माझं ऐकू नका सर. मोजून घ्या."

मी खेळाचा दोर आणला आणि टोकं बांधली. वर्गात फूटभराच्या फरश्या आहेत. आधी चौरस केला, छत्तीस फरश्या भरल्या. मग पोरांनी दोर धरून गोल केला. आता कडेच्या फरश्या तुटक येऊ लागल्या. सर अडले, तशी शालू खाली बसली आणि बोट ठेवून सांगू लागली, "ही अर्धी, ही बी अर्धी, दोन्ही मिळून एक. हे पाव, त्या पाऊणीला जोडा." सर गुडघ्यांवर टेकून तिच्यामागं मोजत सरकत होते. पंचेचाळीसच्या आसपास आकडा आला.

गुडघ्यांवरूनच त्यांनी वर पाहिलं. "मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?"

हो म्हणायचा फार मोह झाला. "नाही सर. मी अपूर्णांक शिकवले, दिवाळीच्या आत. गोल तिनं वाटेवर शोधला. मलाही माहीत नव्हता."

सरांनी उठून गुडघे झटकले. "यंदा क्षेत्रफळ कधी घेणार?"

"वाटेवर."

"घ्या," ते म्हणाले. "आणि हा क्रम मला नीट समजावून सांगा. केंद्रातल्या बाकीच्या शाळांतही वस्तीवरची मुलं आहेत."

दारातून जयवंताबाईनं हळूच विचारलं, "म्हंजी शाले, म्या बराबर लावत व्हते?"

"तू बराबरच लावत व्हतीस आई. का बराबर, ते मोजल्यावर समजलं."

माझी मान अभिमानानं इतकी ताठ झाली की सरांना चहा विचारायचंच राहून गेलं.