व्हर्लीनबाईंचा जाळीचा दरवाजा

मी एक जुना जाळीचा दरवाजा आहे, आणि आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तर नाही! अलाबामातल्या डासांनी माझ्या बाजूने साक्ष दिली असती, पण ते डास आता कुठले? मित्रांनो, आमच्या काळचा डास आत शिरण्यापूर्वी दार ठोठावत असे.

लॉनी टेट यांनी मला नदीकाठच्या मोडक्या होडीच्या फळ्यांतून घडवलं. हिरवा रंग दिला, नवी जाळी ठोकली, वर स्प्रिंग बसवली. मी असा दणक्यात मिटायचो की पलीकडच्या गावातले लोक दचकून देवाची क्षमा मागायचे. काय दिवस होते! आतून तळलेल्या माशांचा आणि मक्याच्या पावाचा वास यायचा. रविवारी चर्चहून परतणाऱ्या बायकांच्या टोप्या मला घासून जायच्या. आणि पायरीवर कुणाचंही पाऊल वाजलं की लॉनी आतून ओरडायचे, "या, या, आत या!" पाहुणा असो, विमेवाला असो, नाहीतर घर चुकलेला असो. आमच्या काळ्या लोकांच्या गल्लीची रीतच होती ती.

याच रीतीपायी एकदा घात व्हायची वेळ आली.

त्या वर्षी चर्चच्या तळघरात एका तरुण वकीलबाईंनी सगळ्यांना समजावलं होतं : पोलीस आले तर पळू नका, धक्काबुक्की नको, खोटं बोलू नका. पण न्यायाधीशाच्या सहीचा कागद नसेल तर घरात घ्यायची सक्ती नाही, हे देशाच्या राज्यघटनेतच लिहिलंय. मात्र तुम्हीच 'आत या' म्हणालात, तर मग संपलं!

घरी येताच व्हर्लीनबाई नवऱ्याला, म्हणजे लॉनींना, म्हणाल्या, "ऐकलंत ना? ते तुमचं 'आत या' आता गिळायला शिका."

"अगं, सवय आहे ती. जिभेला कुलूप लावू का?"

एके दुपारी शेरीफचा, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाचा, गोरा माणूस हॅस्केल पायऱ्या चढून आला. बाजारातल्या दुकानाची काच फुटली होती, आणि त्याला व्हर्लीनबाईंचा थोरला मुलगा क्लीव्हन हवा होता. क्लीव्हन आत जेवत बसला होता. शेजारचा ओटिस असाच 'दोन प्रश्नांसाठी' गेला होता, तो दाढी पिकवून परत आला.

"ए व्हर्लीन, दार उघड."

"मिसेस टेट म्हणा. जाळीतून ऐकू येतंय मला."

"पोराला बाहेर पाठव. दोनच प्रश्न आहेत."

"आई, मी काहीच केलेलं नाही!" आतून क्लीव्हन ओरडला.

"तू गप्प जेव!" मग इकडे वळून, "तो काही बोलणार नाही, साहेब. बोलायचं ते वकिलासमोर."

"लपवायला काही नसेल, तर उघडायला काय होतंय?"

"तुमच्या बायकोच्या ट्रंकेत तरी काय लपवलेलं असतं? मला उघडू द्याल का?"

हॅस्केलने कपाळ पुसलं. आवाजात लोणी आणलं. "बरं, मिसेस टेट, घसा सुकलाय. घोटभर पाणी तरी द्याल?"

"अंगणात नळ आहे, डाव्या हाताला. पोटभर प्या."

एवढ्यात लॉनी मागच्या खोलीतून आले. उन्हात उभा माणूस पाहिला आणि सवयीने तोंड उघडलं, "अरेरे, साहेब, बाहेर कशाला? या, आ—"

व्हर्लीनबाईंनी असं पाहिलं की माझ्या जाळीचा गंज गळून पडला. हॅस्केलचा हात माझ्या मुठीवर आला. आणि मित्रांनो, त्या क्षणी, वारा नसताना, माझी कडी मी स्वतः उचलली आणि खट्कन घातली! त्याने ओढलं, दोन्ही पाय रोवून ओढलं. मी तसूभरही हललो नाही. शेवटी गेला घाम पुसत. तो सहीचा कागद काही आला नाही. क्लीव्हन पुढे मास्तर झाला.

आता माझा रंग उडालाय, स्प्रिंग सैल पडलीय, कुणी तेल घालत नाही. म्हणून सांगतो बाळांनो, दरवाज्यांना जपा. घराची अब्रू शेवटी एका मजबूत कडीवर—

"कसली कडी रे?" खुर्चीत पेंगणाऱ्या म्हाताऱ्या व्हर्लीनबाईंनी एक डोळा उघडला. "कडी तर लॉनींनी मासे टांगायला काढून नेली होती! हॅस्केलचा हात मुठीवर होता, आणि मी म्हटलं, 'माझी परवानगी नाही.' तेवढ्यावर त्याने हात काढला. तू नुसता टेकलेला होतास, मेल्या!"