सोळाव्या पानानंतर एकशे त्र्याण्णव

दुर्बीणताईला कुठलंही पुस्तक नुसतं आवडायचं नाही, ते तिला वेडच लावायचं. दिवसभर ती दातांच्या प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घडवायची, मेणात एकेक दात बसवायची, आणि संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन थेट दुसऱ्या ग्रहावर पोचायची. अंतराळातली, ड्रॅगनची, कालप्रवासाची, जी मिळेल ती कादंबरी वाचायची आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर तिच्याबद्दल भरभरून लिहायची. दुर्बीणताई हे नाव वाचकांनीच ठेवलेलं. 'अफाट' हा तिचा लाडका शब्द. तिच्या नवऱ्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणायचा, "तुला फ्रिजचं वॉरंटी कार्ड वाचायला दिलं तरी तू अफाट म्हणशील."

"त्यात ड्रॅगन असला तर म्हणेन की!" ती म्हणायची.

हसा खुशाल. पण तिच्या शब्दावर लोक पुस्तकं घ्यायचे, कारण ती खोटं लिहायची नाही. पुस्तक आवडलं नाही तर गप्प बसायची, आणि आवडलं तर तिला आभाळ ठेंगणं व्हायचं. असं माणूस वाचकांना बरोबर कळतं.

तर अशा या बाईकडे एका लहानशा प्रकाशकाने एक नमुना प्रत पाठवली. बाकीची छपाई अजून व्हायची होती. कादंबरीचं नाव 'दूरच्या ताऱ्याची नोकरी'. लेखिकेचं पहिलंच पुस्तक, तेही नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर लिहिलेलं. गोष्ट अशी, की एक आई लहान मुलीला मागे ठेवून दूरच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या यानावर कामाला लागते. यानावर काळ सावकाश चालतो, जमिनीवर भरभर. आई परत येते तेव्हा मुलगी तिच्यापेक्षा म्हातारी झालेली असते.

दुर्बीणताईने पुस्तक उघडलं. पहिल्या सोळा पानांत आई यानावर कपडे धुतेय, इस्त्री करतेय, खिडकीतून काळोख बघतेय. आणि सतरावं पान यायच्या जागी एकदम एकशे त्र्याण्णवावं पान! वाक्यही मध्येच तुटलेलं. पुढे आई एका म्हाताऱ्या बाईच्या उशाशी बसलीय, आणि ती बाई शेवटचे श्वास घेतेय. कोण ही म्हातारी? पुढच्या सोळा पानांत ती म्हातारी थोडी कमी म्हातारी. त्यापुढच्या सोळांत प्रौढ. मग नवरी, मग कॉलेजातली पोरगी. दर सोळा पानांनी पानांचे आकडे मागे उडी मारत होते आणि बाई लहान होत चालली होती.

आता तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? दुकानदाराला फोन करून बदलून मागितलं असतं. पण दुर्बीणताईने आयुष्यभर उलटे-सुलटे काळ वाचलेले. तिच्या अंगावर काटा आला. "अगं बाई गं!" ती एकटीच ओरडली. "हिने पानांचे आकडेसुद्धा उलटे पळवलेत!" तुटलेलं प्रत्येक वाक्य तिला काळाला पडलेली भेग वाटलं. शेवटी ती चिमुकली मुलगी दारात उभी राहिली तेव्हा दुर्बीणताईला हुंदका आवरेना. नवरा घाबरून आतून धावत आला. ती म्हणाली, "काही नाही रे, फार म्हणजे फारच मोठं काहीतरी वाचलंय."

तिने जीव ओतून लिहिलं. लिहिलं की या लेखिकेने काळालाच मागे चालायला लावलंय. आपण एका अनोळखी म्हातारीच्या मरणापासून सुरुवात करतो आणि पान उलटता उलटता तिच्यावर माया करायला शिकतो. ते परीक्षण वाऱ्यासारखं पसरलं. जो तो विचारायला लागला, उलट्या काळाचं ते पुस्तक कधी येतंय?

मग प्रकाशकाचा फोन आला. आवाज पडलेला.

"ताई, तुमच्या प्रतीत सोळाव्या पानानंतर कितवं पान आहे?"

"एकशे त्र्याण्णव! काय अफाट कल्पना आहे हो!"

"ती कल्पना नाही, ताई. बाइंडरची चूक आहे." सोळा पानांचा एक याप्रमाणे छापलेले फर्मे एकावर एक रचायचे असतात. पहिला फर्मा जागेवर बसला, आणि बाकीचे फर्मे बाइंडरने उलट्या क्रमाने रचून तसेच शिवले. "नमुना प्रतींपैकी एवढी एकच चुकली होती, आणि नेमकी तुमच्याकडे आली. पुस्तक सरळच आहे. साधं, सरळ."

त्याच संध्याकाळी दुर्बीणताईने आपल्या पानावर सगळं खरं सांगून टाकलं. लोक पोट धरधरून हसले. हसू देत, ते तिला एकवेळ चाललं असतं. पण प्रकाशकाने पाठवलेली सरळ प्रत वाचून झाली आणि लेखिकेचाच फोन आला.

"सरळ वाचल्यावर कसं वाटलं?" लेखिकेने विचारलं.

दुर्बीणताईला खोटं तर बोलता येईना. "चांगलं आहे," ती म्हणाली.

दुर्बीणताईच्या तोंडून 'चांगलं'! लेखिका तिचं पान कित्येक वर्षं वाचत होती, तिला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "लोकांना जे आवडलंय ते मी लिहिलेलंच नाही, बाई. उद्या प्रकाशकांना कळवते. पुस्तक मागे घेते मी." आणि फोन ठेवून दिला.

झालं! एका बाईचं पहिलं पुस्तक जन्मायच्या आधीच मरायला टेकलं, आणि तेही आपल्या कौतुकाने. दुर्बीणताई ताट बाजूला सारून रडत बसली. नवरा म्हणाला, "इथे बसून रडू नकोस. जा तिच्याकडे." दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेत रजा टाकली, प्रकाशकाकडून पत्ता घेतला, ती उलटी शिवलेली प्रत पिशवीत घातली आणि सकाळीच लेखिकेच्या दारात जाऊन उभी राहिली.

लेखिकेने दार उघडलं. केस पांढरेशुभ्र, विस्कटलेले; चेहरा रात्रभर जागल्यासारखा. "आलाच आहात तर बसा. प्रकाशकांना फोन व्हायचाय अजून," ती म्हणाली. "फक्त आवाज जरा हळू. आई आहे."

खिडकीशी खुर्चीत एक फार म्हातारी बाई बसली होती. लहानखुरी, मांडीवरच्या पांघरुणाची चुणी पुन्हापुन्हा सारखी करत. दुर्बीणताईला बघून तिने विचारलं, "माझी पोरगी शाळेतून आली का हो?"

"आई, मीच तुझी पोरगी," लेखिका म्हणाली.

"चल! काहीतरीच!" म्हातारीने तोंड फिरवलं. "माझी एवढीशी आहे."

लेखिकेने दुर्बीणताईला स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन हलक्या आवाजात सांगितलं. आई प्रवासी जहाजांवर धोबीखान्यात कामाला होती. वर्षानुवर्षं बाहेर. परतायची तेव्हा मुलगी हातभर वाढलेली असायची. "पुस्तक तिच्यासाठीच लिहिलं. तिला वाचूनही दाखवलं. पण त्यातली मुलगी मोठी व्हायला लागली की ही चिडते, ही कोण बया म्हणते, आणि उठून जाते. आतापर्यंत कधीच शेवटापर्यंत पोचलो नाही आम्ही."

दुर्बीणताई माफी मागायला आली होती. वाटेत चार वाक्यं घोकली होती, ती सगळी कुठल्या कुठे गेली. लेखिकाच म्हणाली, "बरं, दाखवा तरी. काय एवढं अफाट होतं ते? वाचा इथेच, मोठ्याने. मलाही ऐकू दे मी न लिहिलेलं पुस्तक."

दुर्बीणताईने म्हातारीसमोर स्टूल ओढलं आणि मधूनमधून पानं गाळत वाचायला लागली. पुस्तकातल्या म्हाताऱ्या बाईच्या मरणाकडे खुर्चीतल्या आजींचं लक्ष नव्हतं. त्या पांघरुणाशी चाळा करत होत्या. लग्नापाशी त्यांनी एक जांभई दिली. मुलगी कॉलेजातून शाळेत आली तेव्हा त्यांचा हात थांबला. शाळेतली मुलगी आणखी लहान झाली, तिचा एक दात पडला, आणि आजी पुढे सरकून बसल्या. लेखिका भिंतीला टेकून उभी होती, ती हळूहळू खाली जमिनीवर बसली. तिने लिहिलेली एकेक ओळ तिच्यासमोरून मागे चालली होती, आणि तिची आई त्या वाटेने बरोबर चालत होती, न चिडता, न अडखळता. दुर्बीणताईच्या अंगावर शहारे येत होते, पण आता ते पुस्तकामुळे नव्हते.

शेवटचा फर्मा आला. सकाळची वेळ, दारात उभी मुलगी, पायरीवर पेटी घेतलेली आई. दुर्बीणताईने शेवटचं पान वाचलं, "आई वळून म्हणाली, 'येते हं. तोवर तू'"

पान संपलं. फर्माच तिथे संपत होता, वाक्य अर्धवट टाकून.

"पुढे?" दुर्बीणताईने लेखिकेकडे बघितलं. सरळ प्रतीत पुढे काय होतं ते तिला आता आठवेना.

"पुढे मी लिहिलंय, 'तोवर तू शहाण्यासारखी वाग,'" लेखिका म्हणाली. "बनवून लिहिलंय. खरं काय म्हणाली होती ते मला कधी आठवलंच नाही. फार लहान होते."

खुर्चीतल्या आजी मात्र दोघींकडे बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या.

"तोवर तू मावशीकडे थांब," त्या अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "आणि दारात उभी राहू नकोस बाळा, पाय दुखतील. मी दिसायची नाही तुला तिथून."

एवढी पुस्तकं वाचली, एवढे ग्रह पालथे घातले, पण माणूस इतक्या लांबून परत येताना दुर्बीणताईने कधी पाहिलं नव्हतं.

लेखिका जमिनीवरूनच पुढे सरकली, आईच्या गुडघ्यापाशी. 'मीच ती' असं या वेळी ती म्हणाली नाही.

"बरं, आई," ती म्हणाली. "थांबते."

आजींनी खाली बघितलं. समोर पांढरे केस विस्कटलेले होते. "काय हा अवतार!" म्हणत त्यांनी त्या केसांचे तीन पेड केले आणि घट्ट वेणी घालायला घेतली.

मेजावरचा फोन वाजायला लागला. प्रकाशकाचा होता; छापखाना खोळंबला असणार.

"तुम्हीच घ्या," मान न हलवता लेखिका म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "सांगा, उलटंच शिवा म्हणावं. मला आत्ता उठता यायचं नाही."