पाहुण्याचा अर्धा दिवस

लांज्याच्या एसटी स्टँडवर ऑक्टोबरच्या भर दुपारी एक माणूस घोट्यापर्यंत लांब, मेंढीच्या कातड्याचा डगला घालून उतरला. बाकीचे लोक सावलीत उभे राहूनही घाम पुसत होते. कंडक्टरने काळजीने विचारलं, "पावनं, बरं नाय काय?"

"बरा आहे. डगला सुटकेसमध्ये मावत नाही."

हा दत्ताराम घवाळी, पंप मिस्त्री. सौदी अरेबियात, हाइलच्या बाजूला गव्हाच्या शेतांवर पावणेसहा वर्षं काढून आणि पासपोर्टवर कायमच्या परतीचा शिक्का घेऊन तो १९८६ साली घरी आला.

आता हे झालंच नाही असं आपण धरून चालू. हाइलपासून सत्तर किलोमीटरवरच्या सिद्रा गावात अजून तसंच धरून चालतात, आणि अशा बाबतीत ते गाव आपल्यापेक्षा अनुभवी आहे.

तर दत्ताराम गेलेला नाही. उलट आत्ता कुठे येतोय. १९८१चा जानेवारी, रविवार, सूर्य नुकताच बुडालेला, आणि कंपनीच्या ट्रकमध्ये तो काखेत हात घालून कुडकुडतोय. शेजारी ड्रायव्हर हाशम, दाभोळचा. या देशात अकरा वर्षं काढल्यामुळे अरबी त्याच्या तोंडातून पाण्यासारखी वाहते.

"मला सांग दत्ता, हकडं यायची अक्कल तुला दिली कोनी?"

"मीच अर्ज केला होता."

ते खरं होतं. आधीच्या, हुफूफच्या कॅम्पातल्या उन्हाळ्याला टेकीला येऊन त्याने कंपनीला लिहिलं होतं, 'उष्णता सहन होत नाही, तरी थंड जागी काम मिळावे.' त्याच्या डोळ्यांसमोर होती वर्कशॉपमधली एसीजवळची खुर्ची. कंपनीने नकाशा उघडला. दत्तारामच्या आयुष्यात मंजूर झालेला हा पहिला अर्ज, आणि तेव्हापासून त्याचा अर्ज या गोष्टीवरचा विश्वास उडाला.

ट्रक शेताच्या कडेने चालला होता. शेत गोल होतं, कारण पाण्याचा लांबलचक नळ चाकांवर उभा राहून मधल्या विहिरीभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरायचा. सध्या काटा थांबला होता. गव्हाची टोकं पिवळी पडली होती.

"पाणी किती दिवस बंद?"

"पाच. आनि कोरड्या जमिनीतला गहू थंडीनं जळतो म्हनं."

"थंडीनं जळतो?"

"हकडं सगळं उलटंच. म्हाताऱ्यानं सगळ्या मेंढ्या विकून पेरलान हाय. हा गेला तर त्याच्याकडं काठी तेवढी उरंल." हाशमने ब्रेक दाबला. "चल, उतर. मी उत्तरंला माल टाकून बुधवारी येतो."

म्हातारा म्हणजे अबू नायफ. मेंदी लावून लाल केलेली दाढी, काटक शरीर, सत्तरीचं वय. तो दारात उभाच होता. त्याने दत्तारामचे दोन्ही हात धरले, तब्येत विचारली, बापाची विचारली, गावच्या पावसाची विचारली, आणि विस्तवाजवळच्या सगळ्यात जाड गादीवर बसवलं. हाशम गेला. कॉफी आली, खजूर आले, अख्खी मेंढी आली. तीही बहुधा शेजाऱ्याची, कारण याच्याकडे आता मेंढीच नव्हती. पंपाचं नाव कुणी काढलं नाही.

दत्तारामनेही काढलं नाही. त्याच्याकडे रीत अशी की मिस्त्री आपणहून यंत्राला हात लावत नाही. मालकाने नारळ फोडायचा, 'हात लाव' म्हणायचं, मगच पाना उचलायचा. आपणहून हात लावला की बिघाड आपल्या नावावर लागतो, हे ज्ञान त्याला बापाने पहिल्या पान्यासोबतच दिलं होतं.

सोमवारी सकाळी तोंड धुवायला गेला तर टाकीतलं पाणी टणक झालेलं. लांज्याच्या माणसाने पाणी या वस्तूकडून अशी अपेक्षा कधी केलेली नसते. पाण्यावर टकटक करून तो परत आला, आणि त्याने आपली हत्यारांची पेटी बैठकीच्या बरोबर मधोमध आणून ठेवली. माणसाला सुचवायचं ते सुचवून झालं, असं त्याला वाटलं.

अबू नायफने पेटीकडे पाहिलं. मग उठून त्याने ती अदबीने उचलली, भिंतीशी मानाच्या जागी ठेवली आणि तिच्याखाली उशी दिली.

दुपारी दत्तारामने कॅम्पात शिकलेली सगळी अरबी गोळा केली. "अबू नायफ, मकीना? पंप?"

"देवाची कृपा. उत्तम आहे," म्हातारा म्हणाला. "तू जेवत नाहीस. जेव."

मालकच पंप उत्तम आहे म्हणतो, तिथे मिस्त्रीने काय बोलावं? दत्ताराम जेवला. मंगळवारी त्याला शेजारच्या घराने नेलं, मग त्याच्या शेजारच्याने. प्रत्येक ठिकाणी गादी, विस्तव, कॉफी. कप हलवून परत दिला की 'पुरे' असा अर्थ होतो हे त्याला चौथ्या घरी, एकोणिसाव्या कपानंतर कळलं. एका घरातल्या बाईने पडद्याआडून त्याच्यासाठी लोकरीचे मोजे पाठवले. आपण अख्ख्या जन्मात एवढे मोठे कधीच नव्हतो, असं त्याला वाटत होतं, आणि जसजसा मान वाढत होता तसतसा घास गिळेनासा होत होता. कारण खिडकीतून शेत दिसत होतं, आणि पिवळं टोकाकडून खाली सरकत होतं.

बुधवारी फटफटताना तो उठला. बाहेर सगळीकडे पांढरं पडलं होतं, मीठ पसरल्यासारखं. शेताच्या कडेला अबू नायफ उकिडवा बसला होता. आपली घोंगडी त्याने गव्हाच्या रोपांवर पांघरली होती आणि कोपरे नीट खोचत होता. शेत सव्वाशे एकरांचं. घोंगडी एक.

दत्ताराम आत येऊन पडला. थोड्या वेळाने म्हातारा कॉफी घेऊन आला, हसून म्हणाला, "रात्री थंडी नाही ना वाजली?"

दुपारी हाशमचा ट्रक थांबला, तेव्हा दत्ताराम धावतच गेला. "हाशमभाई, ह्यांना विचारा, माझं काय चुकलं? तीन दिवस खाऊ घालतात. पंप दाखवत नाहीत!"

"मग तू विचारायचंस!"

"विचारलं. म्हणतात, उत्तम आहे. आणि मालकाने 'हात लाव' म्हटल्याशिवाय मी लावू कसा?"

हाशमने कपाळावर हात मारला. "या खुदा! अरे मर्दा, हकडची रीत हाय. पावना दारात आला की तीन दिस त्याला 'कशाला आलास' म्हनून इच्यारायचं नाय. इच्यारलं म्हंजे 'कदी जातोस' इच्यारल्यागत होतं. आनि घरचं रडगानं तर पावन्यासमोर कदीच नाय."

"म्हणजे तो माझ्यासाठी थांबलाय?"

"आनि तू त्याच्यासाठी. दोन भल्या मान्सांच्या मदी सापडला तर गहूसुद्दा जगत नाय रे!"

हाशम आत गेला आणि म्हाताऱ्याला दत्तारामच्या मुलखाची रीत समजावू लागला. अबू नायफने सगळं ऐकून घेतलं. मग बाहेर येऊन त्याने सूर्याकडे पाहिलं. सूर्य अजून बराच वर होता. मग शेताकडे पाहिलं. पुन्हा सूर्याकडे. मान खाली घालून, चोरी केल्यासारख्या आवाजात त्याने विचारलं,

"बाळा, तू कशाला आलास?"

"तुमचा पंप दुरुस्त करायला," दत्ताराम म्हणाला, आणि त्याचे डोळे का भरले ते त्याला कळलं नाही.

अजून एक अडचण होती. पाहुण्याला कामाला लावणं ही बेअब्रू. म्हाताऱ्याने ती जागच्या जागी सोडवली. अंगातला मेंढीच्या कातड्याचा डगला काढून त्याने दत्तारामच्या अंगावर घातला. हाशमने सांगितलं, "बोल्तो, आता तू पावना नाय, घरचा. घरच्यानं हात काळे केले तर चालतात."

नारळ त्या मुलखात मिळेना. अबू नायफने दोन बोटांनी खजूर फोडला, बी काढून टाकली, आणि यंत्राला न देता मिस्त्रीच्या तोंडात घातला. मग हाशमने शिकवलेले दोन शब्द मराठीत म्हटले, "हात लाव."

इंजिनातलं पाणी गोठून फुगलं होतं आणि रबरी नळी उभी फाटली होती. दत्तारामने हाशमच्या ट्रकची जुनी ट्यूब कापली, नळीवर गुंडाळली, तारेने आवळली. इंजिन सुरू झाल्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगावर टेकवून मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि डॉक्टरसारखी मान हलवली. चाळीस मिनिटं लागली. सभ्यतेला तीन दिवस लागले होते.

खोल विहिरीतलं पाणी कोमट असतं. थंड हवेत ते वाफाळत बाहेर पडलं, काटा हलला, आणि सव्वाशे एकरांवर वाफेचा पडदा सरकत गेला. अबू नायफ घोंगडी उचलायला शेताच्या कडेला गेला. बराच वेळ परत आला नाही. कुणी बघितलं नाही असं सगळे धरून चालले.

गव्हाचा काही भाग गेला. बराच वाचला.

कंपनीने दत्तारामला तिथेच ठेवला. पुढची वर्षं आजूबाजूच्या चाळीस किलोमीटरांतले सगळे पंप त्याने पाहिले. एक पंप म्हणजे एक तास काम आणि दोन तास कॉफी. कंपनीच्या तक्त्यात कॉफीचा रकाना नव्हता म्हणून तो 'यंत्र थंड होण्याची वाट' असं लिहायचा. बायकोला, शालनला, त्याने पत्रात कळवलं की इथे सकाळी पाणी फोडावं लागतं. तिने उलट टपाली लिहिलं, 'जेवण वेळेवर घेत जा, डोक्याला तेल लावा.' एकदा तो रजेवर गावी जाऊन आला, आणि पुढे मुलगी झाल्याची तार आली, तेव्हा साऱ्या गावाने तीन दिवस जेवण घातलं, आणि का घालतोय ते सांगितलं नाही.

मग तेलाचे भाव पडले. कंपनीने गाशा गुंडाळला. दत्तारामला चौदा दिवसांत देश सोडायचा कागद आला.

तेराव्या दिवशी अबू नायफ त्याला आणि हाशमला घेऊन हाइलला गेला. सरकारी कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या अर्जलेखकासमोर बसून त्याने दीड तास मजकूर सांगितला. दत्तारामने डगल्याची घडी करून पुढे धरली. म्हाताऱ्याने ती उलगडून पुन्हा त्याच्या अंगावर घातली आणि कोपरे नीट खोचले.

"काय लिहिलंय?" दत्तारामने हळूच विचारलं.

"ऐक. कागदी भाषेत सांगतो," हाशम म्हणाला. 

कचेरीतल्या कारकुनाने अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि तो तसल्याच कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला. अर्ज असा:

"विषय: पाहुण्याचा मुक्काम अपुरा राहिल्याबाबत. सदर इसम आमच्या दारी रविवारी सूर्यास्तानंतर आला. रीतीप्रमाणे त्याचे तीन दिवस बुधवारी सूर्यास्ताला पुरे व्हायचे होते. परंतु अर्जदाराने गव्हाच्या मोहापायी बुधवारी दुपारीच त्यास येण्याचे कारण विचारले. ही चूक अर्जदारास मान्य आहे व पावणेसहा वर्षे तो तिची लाज बाळगून आहे. सबब, सदर पाहुण्याचा अर्धा दिवस आमच्याकडे शिल्लक आहे. तरी तो पुरा होईपर्यंत त्यास देशाबाहेर पाठवू नये, आणि पाठवलेच असल्यास पाठवले नाही असे समजावे. तसेच सूर्य केव्हा मावळला, हे ठरवण्याचा अधिकार यजमानाकडे असावा, ही नम्र विनंती."