मिश्या कातरलेला मासा

थोरल्याच्या जिभेवर देवाने गोडी ठेवली आणि धाकट्याच्या हाती वजनकाटा दिला. थोरला न्हावी, धाकटा मासळीबाजारात तोलणारा. एकाने फुगवायचं, दुसऱ्याने टाचणी लावायची, असं दोघांचं आयुष्यभर चाललं.

थोरल्याची माशाची गोष्ट सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होती. दोघे भाऊ होडी घेऊन गेले नि गळाला असा मासा लागला, की त्याने होडीच ओढत नेली. प्रवाशांची लाँच मागे पडली. लाँचवाल्याने भोंगा वाजवून यांनाच वाट दिली. वळणावर मासा दमला. थोरला बघतो तर काय, बिचाऱ्याच्या मिश्या वाढून डोळ्यांत गेलेल्या. त्याने खिशातली कात्री काढून त्या नीट कातरल्या. मासा इतका खूश झाला, की शेपटीने सलाम ठोकून गेला. आता सलाम करणाऱ्याला कालवणात कसं घालायचं?

गेल्या महिन्यात भरल्या दुकानात धाकटा बोलून गेला, "दादा, सव्वा किलोचा होता. आणि दोरी तुझ्याच हातून सुटली."

दुकान खो खो हसलं. थोरला गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत राहिला. त्या दिवसापासून ती गोष्ट बंद झाली आणि भावाशी बोलणंही. मग एका सकाळी त्याचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. आज दुपारी डॉक्टर म्हणाले, "घरच्यांनी भेटून घ्या."

धाकटा पुन्हा खाटेशी बसून माफी मागू लागला. दादाने तोंड फिरवलं.

"माफी पुरे झाली, भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "सकाळपासून तिसऱ्यांदा मागताय. ती गोष्ट सांगा."

"मला नाही जमत, वहिनी. खोटं बोलायला गेलो की ठसका लागतो."

"मग ठसकत सांगा."

त्याने घसा खाकरला. "मासा मोठा होता. म्हणजे... पाच किलो असेल."

दादाने डोळे उघडले. डाव्या हाताचं एक बोट चादरीवरून वर उठलं.

"वाढवा म्हणतायत," वहिनी म्हणाल्या.

"दहा?"

बोट आणखी वर.

"चाळीस. नाही, काट्यावर मावलाच नसता." धाकट्याने दोन्ही हात पसरले. "होडी अशी पळाली, की माझी टोपी अजून हवेतच आहे. आणि मिश्या तू कातरल्यास खऱ्या, दादा, पण मासा गुदगुल्यांनी वळवळत होता. त्याचं डोकं मी धरलं होतं. मी होतो ना तिथे. मी पाहिलंय."

दादाचं तोंड अर्ध्याच बाजूने हसलं. तो भावाकडे बघत होता, महिन्याभरात पहिल्यांदा. मग बोट चादरीवर टेकलं. छाती एकदा वर आली, खाली गेली आणि पुन्हा हलली नाही.

वहिनींनी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"अर्ध्यावर सोडू नका, भावजी," त्या म्हणाल्या.

मग दादाचा हात हातात धरून धाकट्याने ती गोष्ट सांगितली, अगदी शेवटपर्यंत.